दोन इंटरनेट लाइन, एक सर्व्हर: दुसऱ्या लाइनची उत्तरं पहिलीवरून जातात

प्रश्न
उबुंटू २२.०४. ईथ० (पहिल्या लाइनचं नेटवर्क कार्ड) वर २०३.०.११३.१०/२४, ईथ१ (दुसऱ्या लाइनचं) वर १९८.५१.१००.२०/२४, दोन्हींचे गेटवे (बाहेर नेणारे राउटर) .१ ने संपणाऱ्या पत्त्यांवर, मेट्रिक (रूटचा पसंतीक्रम, कमी आकडा आधी) १०० आणि २००. दुसऱ्या पत्त्यावर साइट बाहेरून उघडत नाही. टीसीपीडम्पमध्ये (पॅकेट दाखवणारं साधन) सिन, म्हणजे जोडणीची विचारणा, ईथ१ वर येतो, त्याचं उत्तर सिन-ॲक मात्र ईथ० वरून जातो. कोणता स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) टाकू?

उत्तर १
मेन टेबलात (रूटच्या नेहमीच्या यादीत) कितीही रूट टाका, हे सुटणार नाही. पॅकेट कुठे जायचंय ते बघून कर्नल (सिस्टिमचा गाभा) रूट निवडतो. विचारणा कोणत्या लाइनवरून आली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून कमी मेट्रिकचा डिफॉल्ट रूट जिंकतो, आणि पहिला आयएसपी (इंटरनेट पुरवठादार) परका सोर्स (पाठवणाऱ्याचा) पत्ता बघून पॅकेट बहुधा टाकून देतो. वेगळं टेबल करा, निवड सोर्सवरून होऊ द्या:

आयपी रूट ॲड १९८.५१.१००.०/२४ डेव्ह ईथ१ टेबल १०२
आयपी रूट ॲड डिफॉल्ट व्हाया १९८.५१.१००.१ डेव्ह ईथ१ टेबल १०२
आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.२० टेबल १०२ प्रायॉरिटी १०००

पहिली ओळ गाळू नका, नाहीतर शेजारच्या मशीनला जाणारं उत्तरही उगाच गेटवेमार्गे वळसा घेऊन जातं. मग तपासा:

आयपी रूट गेट ८.८.८.८ फ्रॉम १९८.५१.१००.२०

यात ईथ१ दिसायलाच हवं.

उत्तर २
हे रीबूटला उडेल. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंग जिथे साठवतात तिथे) ईथ१ खाली दोन्ही रूटना टेबल १०२ द्या आणि रूल राउटिंग-पॉलिसीत लिहा. सर्व्हर लांब असेल तर थेट अप्लाय नको, नेटप्लॅन ट्राय वापरा: १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं कॉन्फिगरेशन परत येतं.

प्रश्नकर्ता
साइट चालू झाली, आभार. डॉकरमधला (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) ८४४३ पोर्ट मात्र ईथ१ वरून अजून अडतोय.

उत्तर १
अडणारच. कंटेनरचं उत्तर निघतं तेव्हा सोर्स १७२.१७ वाला, म्हणजे डॉकरचा आतला पत्ता असतो. तो बदलून सार्वजनिक पत्ता होतो पोस्टराउटिंगला, म्हणजे रूट ठरून गेल्यावर. तुमचा फ्रॉम रूल त्याला लागतच नाही. इथे कनेक्शनवर खूण (मार्क) करावी लागते:

आयपीटेबल्स -टी मँगल -ए प्रीराउटिंग -आय ईथ१ -एम कॉनट्रॅक --सीटीस्टेट न्यू -जे कॉनमार्क --सेट-मार्क २
आयपीटेबल्स -टी मँगल -ए प्रीराउटिंग -आय डॉकर० -जे कॉनमार्क --रिस्टोअर-मार्क
आयपी रूल ॲड एफडब्ल्यूमार्क २ टेबल १०२ प्रायॉरिटी १००१

कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं डॉकरचं साधन) वापरत असाल तर ब्रिज (कंटेनरना जोडणारं आभासी कार्ड) डॉकर० नसतो. आयपी लिंकमध्ये बीआर- ने सुरू होणारं नाव बघून ते घाला. शिवाय ईथ१ चा आरपी_फिल्टर (आलेल्या पॅकेटचा परतीचा मार्ग तपासणारी कर्नलची सेटिंग) २ ठेवा. १ असला तर मार्कच्या वाटेने येणारी पॅकेट कर्नल सहसा लॉगमध्ये काही न लिहिता टाकून देतो. या सेटिंगच्या ऑल (सगळ्या कार्डांसाठीची) आणि ईथ१ या दोन किमतींतली मोठी लागू होते, त्यामुळे ऑल १ असताना ईथ१ ला ० देऊन काही फरक पडत नाही.