मदत हवी आहे: वृद्ध मेंदूच्या छेदांतली लिपोफ्युसिनची चमक

मरणोत्तर मानवी हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूचा स्मृतीशी संबंधित भाग) पॅराफिन छेदांवर (मेणात बसवून कापलेले पातळ काप) अमायलॉइड-बीटा आणि फॉस्फो-टाऊ ही अल्झायमरशी निगडित दोन प्रथिनं चमकणाऱ्या अँटिबॉडींनी एकत्र मोजायची आहेत. अमायलॉइड उघडं करायला ९०% फॉर्मिक अ‍ॅसिड, ५ मिनिटं. तिथवर सगळं ठीक.

अडचण लिपोफ्युसिन या पेशीतल्या टाकाऊ रंगद्रव्याची. वयाबरोबर ते न्यूरॉनच्या लायसोसोममध्ये (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांत) साठत जातं आणि सूक्ष्मदर्शकाच्या हिरव्यापासून लाल चॅनेलपर्यंत आपोआप चमकतं. पेशीतला दाणेदार ठिपका टाऊचा की लिपोफ्युसिनचा, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. टाऊचा आकडा फुगतो, तोही नेमका जास्त वयाच्या छेदांत, म्हणजे वयोगटांची तुलनाच बिघडते.

सध्या दुय्यम (चमकणारा रंग वाहणाऱ्या) अँटिबॉडीनंतर ०.१% सुदान ब्लॅक बी (लिपोफ्युसिनची चमक झाकणारा काळा रंग), ७०% इथेनॉलमध्ये, १० मिनिटं. पुढे ट्वीन, ट्रायटन बंद, कारण डिटर्जंटने सुदान धुऊन निघतो. चमक दबते खरी, पण दूरच्या लाल चॅनेलमध्ये पार्श्वभूमी वाढते आणि टाऊचे बारीक धागे फिके पडतात.

अँटिबॉडीआधी एलईडीखाली २४ ते ४८ तास ब्लीचिंग (प्रकाशाने लिपोफ्युसिनची चमक मारणं) कोणी केलंय का? फॉस्फो-एपिटोप (टाऊवर अँटिबॉडी चिकटते ती जागा) टिकतो का? नुसती प्राथमिक (प्रथिनाला थेट चिकटणाऱ्या) अँटिबॉडीविना ठेवलेल्या छेदाची चमक वजा करणं मला पटत नाही, लिपोफ्युसिन पेशीगणिक बदलतं. स्पेक्ट्रल अनमिक्सिंग (वर्णपटावरून मिसळलेल्या चमकी वेगळ्या काढणं) वापरणाऱ्यांनी संदर्भ-स्पेक्ट्रम कोणत्या छेदावरून घेतला, तेही कृपया सांगा.