गेमपॅडची स्टिक सोडली तरी गेममधलं कॅरेक्टर सरकतंय
यावर डेडझोन (स्टिक मधोमध असतानाची जी हालचाल शून्य धरायची ती हद्द) ०.२ ठेवा असं सांगतात ते ठीकच, पण स्टिकचे एक्स (आडवा) आणि वाय (उभा) आकडे वेगवेगळे तपासू नका राव, तसं केलं की स्टिक जराशी तिरकी धरली तरी कॅरेक्टर सरळ आडवंच पळतं. आधी एक्स-वाय मिळून होणाऱ्या व्हेक्टरची लांबी, म्हणजे स्टिक मधल्यापासून किती ढकललीय ते काढा, ती ०.२ च्या आत असेल तर शून्य, नाहीतर लांबीतून ०.२ वजा करून ०.८ ने भागा, १ च्या वर जाऊ देऊ नका आणि मग दिशेला (व्हेक्टर भागिले त्याची मूळ लांबी) गुणा. ही वजाबाकी बरेच जण खातात, मग कॅरेक्टर हळू चालायचं सोडून एकदम धक्क्यानेच सुटतं. गोडो या गेम इंजिनात गेट व्हेक्टर (Input.get_vector) हे फंक्शन हे सगळं आपोआप करतं. एक्सइनपुटचे (विंडोजवर कंट्रोलर वाचायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) आकडे मात्र कच्चे येतात, -३२७६८ ते ३२७६७, त्यात डाव्या स्टिकचा सुचवलेला डेडझोन ७८४९, म्हणजे साधारण २४ टक्के, मला तर जास्तच वाटतो.