हरिपूरच्या पेवांचं परीक्षण: मथळा बदलू नका

प्रेषक: माई

मंडळी, अंकाचं प्रूफ आत्ता पाहिलं. परीक्षणाला 'माहितीपटांचं पेव फुटलं!' हा मथळा कोणी घातला? मी दिलेला नाही. सध्या मी सांगलीतच आहे, कालच हरिपूरला जाऊन आले. २००५च्या महापुरात तिथली बरीच पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, खरोखरच गेली. पाणी शिरलं, माती ढासळली, आतली हळद कुजली. त्या गावावरच्या माहितीपटाला हा वाक्प्रचार लावू नका. 'कंदील विझला तर उतरायचं नाही' हा माझाच मथळा ठेवा. रात्रीपर्यंत कळवा.

प्रेषक: दादा (संपादन)

माई, मथळा मी बदलला. तुमच्या मथळ्यावरून विषय हळदीचा की खाणीचा, काही कळत नाही. इथं वाढलेल्या मुलांनी 'पेव' हा शब्द ऐकला असेल तर या वाक्प्रचारातच. दुसरं, मर्यादा ५०० शब्दांची आहे आणि तुमचे पहिले तीन परिच्छेद पेव कसं खणतात, शेणामातीनं कसं लिंपतात, तोंड कसं बंद करतात यावरच गेलेत. माहितीपट येतो चौथ्यात. परीक्षण त्याचं हवं ना?

प्रेषक: बापू

पेव म्हटलं की हळदच का? हळद आमच्या वाईकडंही पिकते, पण आमच्या वाड्यात पेव होतं ते जोंधळ्याचं. त्यातल्या जोंधळ्याच्या भाकरीला एक कुबट वास यायचा. आम्हा पोरांना तो आवडायचा, पाहुण्यांना नाही. पेव उघडलं की आजी काठी घेऊन तोंडाशी बसायची, कोणाला जवळ फिरकू द्यायची नाही. माईंनी धान्याच्या पेवांचा उल्लेखही केलेला नाही, तेवढा करावा.

प्रेषक: अण्णा

बापू, माहितीपट हरिपूरचा आहे, वाईचा नाही. दादा, मागच्या गणपती अंकाच्या वेळी जे झालं त्यानंतर बैठकीत ठरलं होतं, लेखकाला विचारल्याशिवाय मथळ्याला हात लावायचा नाही. मी तेव्हा कार्यवाह होतो, इतिवृत्तात आहे. आणि हा माहितीपट मिळवून दाखवला कार्यक्रम समितीनं, तो उल्लेख प्रुफातून गळलाय.

प्रेषक: माई

दादा, पहिले तीन परिच्छेद काढले तर परीक्षणच उरत नाही. तो प्रसंग आठवा. पेवाचं तोंड उघडतात आणि पुढं कितीतरी वेळ कॅमेरा त्या काळ्या भोकाकडं नुसता बघत राहतो. निवेदन नाही, संगीत नाही. माझ्या शेजारच्या दोघांनी तेव्हा फोन काढले. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, म्हणून तर कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. त्याच हवेत माणूस उतरला तर मरतो. एवढं ठाऊक असेल तर ती शांतता अंगावर येते. मग कंदील दोरीनं खाली सोडतात, ज्योत हलते आणि टिकते, तेव्हा मी श्वास सोडला. पेव समजावून सांगितल्याशिवाय हे कसं लिहू?

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती शेवटच्या परिच्छेदात आहे, तो कापू नका. पूर एका जुन्या फोटोत उरकलाय. २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. हरिपूर तर कृष्णा-वारणेच्या संगमावर. जमिनीखाली हळद ठेवणाऱ्या गावाची गोष्ट पाण्याला वगळून कशी सांगता येईल? पेवं कमी का झाली, हे विचारायला हवं होतं. हमालही कुठं बोलत नाहीत, नुसते खाली उतरताना दिसतात.

शब्द कमी करायचे तर सांगलीच्या हळदीला २०१८ला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं वाक्य काढा. बापूंचं बरोबर आहे, धान्याची पेवं राहिली. पण जागा कुठाय?

प्रेषक: दादा (संपादन)

माई, मान्य. तुमचा मथळा ठेवतो, खाली 'हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरचा माहितीपट' अशी ओळ देतो. मानांकन काढलं, शेवटचा परिच्छेद पूर्ण जाईल. अण्णा, समितीचा उल्लेख घातला. पुढच्या वेळी आधी विचारेन. बापू, तुमचा जोंधळा चौकटीत घेऊ. १०० शब्द, रात्री दहाच्या आत. वाड्यातल्या पेवाचा फोटो आहे का?

प्रेषक: बापू

लिहायला बसलोय. फोटो नाही. वाटण्या झाल्यावर वाडा पाडला, तेव्हाच पेव बुजवलं. त्यावर आता चुलतभावाची गाडी उभी असते.