कॉलेजच्या टी-शर्टमागच्या कामगारांसाठी मोहीम काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

तिसरा_बाक

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी आमच्या गटाला 'तयार कपड्यांची पुरवठा साखळी' हा विषय मिळाला होता. वाचता वाचता राना प्लाझापाशी आलो आणि सगळेच थबकलो. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये ती आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र बोलावून मशीनवर बसवलं. प्रकल्प जमा झाला, मार्कही मिळाले, पण विषय डोक्यातून जात नाही.

काहीतरी करायचं ठरलंय, पण काय यावर गटात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, एखादा मोठा ब्रँड धरा, बहिष्कार जाहीर करा, हॅशटॅग चालवा. दुसरी बाजू म्हणते, ऑनलाइन सह्या गोळा करून कंपनीला निवेदन पाठवा. मला दोन्ही फुसकं वाटतं, पण तिसरं काही सुचत नाही. आमच्या कॉलेजचं नाव छापलेले टी-शर्ट, हूडी, खेळाडूंचे किट दरवर्षी येतात. ते कुठे शिवले जातात असं कार्यालयात विचारलं तर 'व्हेंडरकडून येतात' एवढंच उत्तर मिळालं.

असलं काही कुणी केलंय का? आणि विद्यार्थ्यांनी ओरडून खरंच काही बदलतं का, की आपलंच समाधान?

---

पुढचा_थांबा

सह्यांपासूनच सुरू करा. कंपनी निवेदन वाचणार नाही हे गृहीत धरा, पण सही मागताना कोण नुसती मान डोलावतो आणि कोण थांबून बोलतो ते कळतं. थांबणाऱ्यांचे नंबर घ्या. सह्यांचा तेवढाच उपयोग.

---

काजेबटण

मी शिलाई कारखान्यात कम्प्लायन्सला होते. ब्रँडकडून ऑडिटर येणार असला की फायली लावून ठेवणारी बाई, असं समजा. त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

आधी ऑडिटचं सांगते, कारण मोहीम सुरू झाली की कंपनी पहिल्यांदा हेच तुमच्या तोंडावर फेकेल: 'आमचे सर्व पुरवठादार ऑडिट झालेले आहेत.' ऑडिटची तारीख बहुतेक वेळा आधी कळते. मग जिन्यातले खोके हलतात, आग विझवायच्या नळकांड्यांवर नव्या तारखा चिकटतात. हजेरीची रजिस्टरं दोन असतात आणि दाखवायच्या रजिस्टरात रविवार नेहमी सुट्टीचा. लाइनवरच्या मुलींकडून उत्तरं घोकून घेतली जातात. ठेकेदाराच्या हेल्परना त्या दिवशी घरी बसवतात. आणि टार्गेट गाठता येत नाही म्हणून बाहेर जॉबवर्कला गेलेला माल कुठल्याच कागदावर नसतो. ऑडिटर काही मूर्ख नसतो हो! पण त्याची फी कारखाना नाहीतर ब्रँड भरतो, आणि एक-दोन दिवसांत त्याला सगळं उरकायचं असतं.

हे फार तर रजिस्टरातलं खोटं, असं वाटत असेल तर कराचीचं उदाहरण बघा. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथल्या अली एंटरप्रायझेसमध्ये आग लागली. खिडक्यांना गज, दरवाजे कुलूपबंद. अडीचशेच्या वर कामगार मेले. त्या कारखान्याला एसए ८००० हे सामाजिक मानकाचं प्रमाणपत्र आगीच्या काही आठवडे आधीच मिळालेलं होतं. तेव्हा प्रमाणपत्राच्या मागे लागू नका.

आता तुझ्या प्रश्नाकडे. 'व्हेंडरकडून येतात' म्हणालास ना, तिथेच तुमचं काम आहे. ब्रँडला लाखो गिऱ्हाइकं असतात. तुम्ही खरेदी बंद केलीत तर त्याला पत्ताही लागणार नाही. पण कॉलेज त्या व्हेंडरला कंत्राट देतं, स्वतःचं नाव आणि बोधचिन्ह वापरू देतं. त्या कागदावर कॉलेजची सही असते, आणि सही करणारा माणूस तुमच्याच आवारात बसतो.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी हे फार आधी ओळखलं. तिथे विद्यापीठाच्या नावाच्या कपड्यांवर विद्यापीठाला रॉयल्टी मिळते. १९९८ मध्ये युनायटेड स्टुडंट्स अगेन्स्ट स्वेटशॉप्स ही संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाने आपल्या लायसन्सधारकांसाठी आचारसंहिता केली. पोरांची पहिली मोठी मागणी काय होती? पगारवाढ नव्हे. कारखान्यांची नावं आणि पत्ते जाहीर करा, इतकीच. कंपन्या म्हणाल्या, हे व्यापारी गुपित आहे. पोरं कुलगुरूंच्या कार्यालयात ठाण मांडून बसली. १९९९ मध्ये नायकेने कॉलेजचा माल बनवणाऱ्या कारखान्यांची यादी उघड केली आणि गुपित संपलं. पत्ता मिळाल्याशिवाय तक्रार तपासणार कुठे? पुढे २००० मध्ये वर्कर राइट्स कन्सॉर्शियम स्थापन झालं. ते कंपन्यांचे पैसे घेत नाही, आणि कामगारांची तक्रार आली की त्यांना कारखान्याबाहेर भेटून चौकशी करतं. मालकासमोर कोण बोलणार?

'काही बदलतं का' याचं उत्तर मला होंडुरासमधलं द्यावंसं वाटतं. चोलोमा गावात विद्यापीठांच्या नावाचे कपडे विकणाऱ्या रसेल कंपनीचा जर्झीज दे होंडुरास नावाचा कारखाना होता, सुमारे १,२०० कामगारांचा. २००७ मध्ये युनियन बांधणाऱ्या १४५ जणांना काढून टाकलं, दबाव आल्यावर परत घेतलं. नंतर कराराची बोलणी फिसकटली आणि जानेवारी २००९ मध्ये कारखानाच बंद. कंपनीचं म्हणणं, मंदीमुळे मागणी घटली. कन्सॉर्शियमच्या चौकशीत निघालं की युनियनबद्दलचा आकस हे बंद करण्यामागचं एक मोठं कारण होतं. मग विद्यार्थ्यांनी एकेका विद्यापीठात जाऊन एकच मागणी लावली: रसेलचं लायसन्स तोडा. ते बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यांबाहेर पत्रकं वाटत होते, होंडुरासच्या कामगारांना बोलवून सभा घेत होते. शंभराच्या आसपास विद्यापीठांनी लायसन्स तोडलं किंवा संपू दिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीने करार केला: नवा कारखाना काढू, त्याच १,२०० जणांना कामावर घेऊ, होंडुरासमधल्या आमच्या कारखान्यांत युनियनला विरोध करणार नाही.

यातलं एक नीट बघ. 'शोषण थांबवा' असं कुणीही मागत नव्हतं. मागणी इतकी नेमकी होती की कुलगुरूंना हो किंवा नाही यातलंच काहीतरी म्हणावं लागे.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. जुना टी-शर्ट उलटा करा, आतलं लेबल बघा. छापणारा वेगळा असतो, कोऱ्या टी-शर्टवर मूळ कंपनीचं नाव सापडतं. ओपन सप्लाय हब म्हणून एक खुली यादी इंटरनेटवर आहे, तिथे कारखान्यांचे पत्ते आणि त्यांच्याकडून माल घेणारे ब्रँड शोधता येतात. मग खरेदी समितीकडे कंत्राटाची प्रत मागा. लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्याला काडीची किंमत नसते. कंत्राट कधी संपतं ती तारीख मोहिमेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. नूतनीकरणाच्या तीन-चार महिने आधी जोर लावा. सही झाल्यावर दुसऱ्या दिवशी मोर्चा नेऊन काय होणार?

---

हिशेबनीस

वरचं सगळं मान्य, पण एक कडू गोष्ट लिहितो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बालकामगारांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालण्याचं एक विधेयक आलं. ते मंजूर झालंच नाही. नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपडा कारखान्यांनी मुलांना बाहेर काढलं. युनिसेफच्या १९९७ च्या अहवालात हा आकडा अंदाजे ५०,००० दिला आहे. त्यातली कित्येक मुलं खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांना लागली. मुलांना कामावरून काढायचं तर शाळेत घालायचं आणि घराला काही रक्कम द्यायची, हा कारखानदार संघटना, युनिसेफ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांचा करार व्हायला १९९५ उजाडलं.

बहिष्काराचा आवाज तुमच्या आवारात होतो, ऑर्डर मात्र तिकडच्या लाइनची जाते. तुम्ही त्या मुलींना विचारलंय का?

---

काजेबटण

हिशेबनीस, तुमचा शेवटचा प्रश्न मी त्यांच्या फलकावरच लिहायला सांगणार होते.

ब्रँडला सगळ्यात सोपी वाट कुठली असते? कारखान्याचं नाव खराब झालं की ऑर्डर काढून दुसरीकडे न्यायची आणि 'आम्ही कठोर कारवाई केली' असं पत्रक काढायचं. कामगार घरी. म्हणून मागणी कायम अशी ठेवा: इथेच राहा, इथेच दुरुस्त करा, थकलेलं द्या.

पण बहिष्कार नेहमीच चूक असतो असंही नाही. फ्लोरिडात टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांच्या इमोकली संघटनेने २००१ मध्ये स्वतःच टाको बेल या फास्ट फूडच्या साखळीवर बहिष्कार पुकारला. हाक मजुरांची होती, विद्यार्थी त्यांच्या मागे गेले आणि वीसहून जास्त आवारांतून त्या कंपनीला बाहेर ठेवलं किंवा घालवलं. २००५ मध्ये कंपनीने पौंडामागे एक सेंट जास्त देण्याचं कबूल केलं. आकडा ऐकायला हास्यास्पद, पण मजुरांनी हिशेब करूनच मागितला होता.

हेच इंडोनेशियात. आदिदाससाठी माल शिवणाऱ्या पीटी किझोन कारखान्याचा मालक २०११ मध्ये पळून गेला, २,७०० च्या वर कामगारांची नुकसानभरपाई बुडाली. आदिदासचं म्हणणं, आम्ही त्याआधीच ऑर्डरी थांबवल्या होत्या, आमचा काय संबंध? विद्यापीठांनी आदिदासची कंत्राटं तोडायला सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. कामगारांनी मागितलं होतं ते त्यांच्या हक्काचे पैसे. विद्यार्थ्यांनी आपल्या मनाने काही वेगळं जोडलं नाही.

तिसरा_बाक, तेव्हा आधी त्या भागातली कामगार संघटना गाठा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कुणा कामगाराने फोनवर माहिती दिली तर नाव, फोटो, लाइन नंबर, शिफ्ट, काहीही बाहेर जाऊ देऊ नका. सुपरवायझरला 'तिसऱ्या लाइनवरची एक मुलगी' एवढंही पुरतं.

---

रात्रपाळी

कपड्यांवरच सगळे बोलताय म्हणून लिहितो. संगणक लॅबमधली यंत्रं कोण जुळवतं? चीनमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत 'इंटर्न' म्हणून व्यावसायिक शाळांतली पोरं लाइनवर उभी केली जातात. शिकतात काहीतरी वेगळंच आणि काम स्क्रू बसवायचं. २०१२ मध्ये यानताईच्या कारखान्यात चौदा वर्षांचे इंटर्न होते हे तो कारखाना चालवणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीने स्वतः मान्य केलं. विद्यार्थ्यांच्या मोहिमेला यापेक्षा जवळचा विषय कुठला? युरोपात इलेक्ट्रॉनिक्स वॉच म्हणून संस्था आहे. विद्यापीठं आणि पालिका तिच्या सभासद होतात आणि खरेदीच्या करारात कामगारांच्या अटी घालतात.

---

तिसरा_बाक

ताई, खूप आभार. कालच जुना हूडी उलटा केला. आत कोऱ्या मालाच्या कंपनीचं लेबल निघालं, त्यावर देशाचं नाव आहे. कंत्राटाच्या प्रतीसाठी अर्ज दिला, पोच घेतली. क्लार्कने दोनदा विचारलं, 'नक्की कशासाठी?' रात्रपाळी, संगणकांचं गटात मांडतो, पण आधी एकच धरू असं वाटतंय.

अडचण वेगळीच आहे. आमच्यातले बरेच जण शेवटच्या वर्षाला आहेत, कंत्राट पुढच्या वर्षी संपतं. आणि पत्रात व्हेंडरचं नाव घ्यावं का? मित्र म्हणतो, अब्रुनुकसानीचा दावा लागेल.

---

काजेबटण

शेवटच्या वर्षाचं कंपन्यांनाही चांगलं माहीत असतं. 'समिती नेमतो, अभ्यास करतो' म्हणत परीक्षा येईपर्यंत खेळवतात, मग सुट्टी लागते आणि पोरं पांगतात. म्हणून बैठकीला जाताना बोलणारा एक तरी पहिल्या वर्षाचा ठेवा. येईना का त्याला नीट बोलता. अर्ज, पोच, बैठकीत कोण काय म्हणालं, हे सगळं तारखेनिशी एका वहीत लिहा आणि त्या वहीचा फोटो चौघांकडे ठेवा.

नावाबद्दल: पहिल्या पत्रात आरोप करूच नका, प्रश्न विचारा. माल कुठल्या कारखान्यात शिवला, त्याचा पत्ता काय, जॉबवर्क कुठे जातं, तिथे युनियन आहे का. उत्तरासाठी तारीख द्या. उत्तर आलं नाही तर 'अमुक तारखेला विचारलं, अजून उत्तर नाही' हे छापायला कुणाची भीती नाही, कारण ते खरं आहे आणि कागद तुमच्याकडे आहे. ऐकीव गोष्टी मात्र फलकावरही नकोत.

पत्राचा मसुदा झाला की व्हेंडरचं नाव झाकून इथे टाक. त्यांचा वकील कुठला शब्द धरेल ते मी सांगते.