सैंधव मिठाचं पोतं (सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

महेश, ए-१०२: सैंधव मिठाचं २५ किलोचं पोतं घाऊक दरात मिळतंय. कुणाला किती पाहिजे सांगा. ८४ खनिजं असतात त्यात. पांढरं मीठ बंदच करूया सगळ्यांनी.

स्मिता, बी-३०१: आम्हाला ३ किलो. सूनबाईला पाचवा महिना लागलाय, तिला चांगलंच.

शोभाकाकू, ए-२०४: महेश, पोतं अजून सांगू नकोस. स्मिता, तू पण थांब. सविस्तर लिहिते.

शोभाकाकू, ए-२०४: सैंधव वाईट नाही, उपासाला आमच्यातही असतं. पण साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जन्मभराचं एकत्र केलं तरी चहाचा चमचा भरत नाही. पण तेवढ्यावाचून थायरॉईडचं हार्मोन बनत नाही आणि सुरुवातीचे महिने बाळाचा मेंदू आईच्याच हार्मोनवर वाढतो. ८४ खनिजं म्हणाल, तर ती इतकी कणभर असतात की त्यातून लोह-जस्त भागवायचं तर मूठमूठ मीठ खावं लागेल. मग बीपीचं काय?

दादासाहेब, सी-००३: पण वहिनी, समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआप असतंच की. खडे मीठ चालेल मग?

शोभाकाकू, ए-२०४: नाही भाऊजी, मिठागरात तयार होणाऱ्या मिठात ते नावापुरतंच उरतं. मी आरोग्यसेविका होते तेव्हा जतकडच्या वाड्यावस्त्यांवर मीठ तपासायचं किट घेऊन फिरायचे. थेंब टाकला की आयोडीनचं मीठ निळं-जांभळं व्हायचं. खडे मीठ पांढरं ते पांढरंच. डॉ. रामलिंगस्वामी या संशोधकांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं आणि तिथला गलगंड कमी झाला. १९६२ साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलंय का, एवढं बघायचं. थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारा.

प्रिया, बी-१०४: काकू, मी जस्ताच्या गोळ्या मागवल्यात, केस गळतात म्हणून. घेऊ ना?

शोभाकाकू, ए-२०४: मनाने नको गं. जास्तीचं जस्त बरेच दिवस पोटात गेलं तर तांबं कमी पडतं. आपल्या ज्वारी-बाजरीत जस्त आणि लोह दोन्ही आहे, फक्त धान्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. मोड आणले, आंबवलं की ते सुटतं. म्हणून मोडाची मटकी कर, आंबील कर. उसळीवर लिंबू पीळ. आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नकोस, लोह वाया जातं.

महेश, ए-१०२: काकू, पोतं नाही सांगत. मला हे माहीत नव्हतं.

स्मिता, बी-३०१: काकू, आमच्याकडे दिवाळीपासून सगळा स्वयंपाक सैंधवातच चाललाय हो. आता काय करू?

शोभाकाकू, ए-२०४: घाबरू नकोस. पुढच्या तपासणीची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरांना हे सांगा, थायरॉईडची रक्ततपासणी लागेल का विचारा. आजपासून मीठ बदल. बरणी घट्ट झाकणाची घे, गॅसपासून लांब ठेव, नाहीतर आयोडीन उडून जातं.

स्मिता, बी-३०१: दुकान बंद झालं असेल आता.

शोभाकाकू, ए-२०४: आमच्यातला पुडा घेऊन येते वर. सूनबाईला झोपू देऊ नकोस, तिच्याशी बोलायचंय.