शब्दचर्चा : 'सिम्युलेशन'ला मराठीत काय म्हणावं?

डिचोलीहून (प्रश्न)

येत्या रविवारी आमच्या वाचनालयात मला बोलायचं आहे. विषय मीच सुचवला आणि आता पस्तावतोय : आपलं विश्व म्हणजे एखादं सिम्युलेशन, कोणीतरी संगणकावर चालवलेलं जग, तर नाही ना? ऐकायला येणार चाळीसेक माणसं, त्यांत निम्मे निवृत्त शिक्षक. म्हणजे शब्द चुकला तर भाषण राहील बाजूला. फलकावर लिहायला मी 'विश्व : एक आभास?' असं दिलं होतं. काल ग्रंथपाल वहिनींनी विचारलं, "मास्तर, अध्यात्मावर बोलणार ना? मग समई लावून ठेवू?" तेव्हा कळलं, शब्द हुकला.

मूळ मुद्दा निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाच्या २००३ सालच्या लेखातला. तीन शक्यता, त्यांतली निदान एक खरी असलीच पाहिजे. एक तर आपल्यासारख्या प्रजाती, असं जग चालवता येईल इतक्या तंत्रज्ञानाच्या टोकाला पोचण्याआधीच बहुतेक संपून जातात. किंवा पोचतात, पण आपल्या पूर्वजांचा इतिहास संगणकात पुन्हा जगवून बघण्याच्या भानगडीत त्या पडत नाहीत. हे दोन्ही नसेल, तर असे जगवलेले पूर्वज मूळ पूर्वजांपेक्षा कितीतरी जास्त होणार, आणि आपण त्या जगवलेल्यांतलेच असणार हे जवळजवळ नक्की. तिसरीच खरी, असं तो म्हणत नाही. हे मात्र बहुतेक लोक विसरतात.

आता शब्द सांगा. 'सदृशीकरण' आणि 'प्रतिरूपण' वाचनात आलेत. 'सदृशीकरण' म्हटल्यावर पुढचं वाक्य ऐकायला कोणी जागं राहील असं वाटत नाही.

म्हापशाहून

सिम्युलेशनच ठेवा की. ते सिम्युलेशन, नपुंसकलिंगी, ते ऑपरेशन तसं. आपण जनेल उघडतो, पाव खातो, बटाट्याची भाजी करतो. पोर्तुगीज गेले, शब्द राहिले, कोणाचं काय बिघडलं? इंग्रजीतून आणखी एक आला तर येऊ दे.

डिचोलीहून

बटाट्याला हरकत नाही. अडचण षष्ठीची आहे. 'विश्वाचं सिम्युलेशन' म्हणजे काय? शास्त्रज्ञांनी संगणकावर केलेलं की ज्यात आपण राहतो ते? पहिलं रोजचं आहे. २००५ मध्ये जर्मनीत 'मिलेनियम सिम्युलेशन' झालं. एक बाजू २ अब्ज प्रकाशवर्षांहून मोठी असा घन, त्यात १० अब्जांहून जास्त कण, आणि दीर्घिका कशा गोळा होत जातात ते बघायचं. दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले लोक मांडवी-झुवारीत भरतीचं पाणी कसं आत चढतं ते असंच गणिताने बघतात. या कामाला 'प्रतिमान' शब्द पुरतो. प्रतिमानातल्या मांडवीत कोणाचा पाय भिजत नाही.

बॉस्ट्रॉमच्या गोष्टीत मात्र पाय घालणाराही त्या गणितातलाच. त्याचा पाय भिजतो. मला या दुसऱ्या गोष्टीसाठी शब्द हवाय.

वास्कोहून

मास्तर, 'लुटुपुटू' घ्या. लुटुपुटूची लढाई, लुटुपुटूचा संसार. पोरी अंगणात करवंट्या मांडून भातुकली खेळतात ते सिम्युलेशन नाही तर काय?

माझी सगळी नोकरी दाबोळीच्या आसपास गेली, म्हणून आणखी एक सांगतो. नौदलाच्या हंसा तळावर जमिनीवरच विमानवाहू जहाजाचा डेक बांधलाय. टोकाला वर वळलेला उतार, विमान अडवायच्या तारा, सगळं जहाजासारखं, फक्त खाली समुद्र नाही. तेजसच्या नौदलाच्या विमानाने त्या उतारावरून पहिली झेप घेतली ती २०१४ च्या डिसेंबरात, आणि तारेत अडकून उतरलं २०१९ च्या सप्टेंबरात. आता हे जहाज लुटुपुटूचं, पण तार खरी, विमानाचं वजन खरं. चुकलं तर माणूस जातो. उलट खोलीत बसून शिकायचा जो सिम्युलेटर असतो त्यात विमान दहा वेळा पाडा, अकराव्यांदा परत धावपट्टीवर उभं. इंग्रजीत दोन्हीकडे तेच नाव चिकटवतात. आपण का चिकटवायचं? जमिनीवरच्या डेकला मी 'रंगीत तालीम' म्हणेन.

मडगावहून

वकिलाकडे कारकुनी करतो, त्यामुळे माझं मत जरा वाकडं असेल. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे १८७० पासून लागू झाला. त्या परंपरेत 'सिमुलासांव' म्हणजे लटका व्यवहार : कागदावर विक्री, आत काहीच नाही, तिसऱ्याला फसवायला केलेला. लॅटिनमध्ये मूळ अर्थ 'सारखं करून दाखवणं' एवढाच, पण दाखवण्यातून दडवणं आणि दडवण्यातून फसवणं यायला वेळ लागत नाही. आमच्या ऑफिसात कोणी 'सिम्युलेशन' म्हटलं की जुन्या वकिलांच्या भुवया अजून वर जातात. तेव्हा विश्व लटकं आहे असं म्हणायचं असेल तर हाच शब्द. तसं म्हणायचं नसेल तर फलकावर लिहू नका.

पेडण्याहून

'सोंग' राहिलं. आमच्याकडे दशावतारात आणि शिगम्यात सोंगंच सोंगं. इतका मुरलेला शब्द असताना बाहेर कशाला जायचं?

डिचोलीहून

सोंग मलाही आवडलं होतं. रात्रभर विचार करून सोडलं. सोंगाच्या आत माणूस असतो. पहाटे काला झाला की मांडवामागे राजा गालावरचा रंग खोबरेल तेलाने पुसत विडी पेटवतो, आणि संकासुराला घरी जायला पहिली बस पकडायची असते. आपण राजा नाही हे राजाला रात्रभर ठाऊक असतं. बॉस्ट्रॉमच्या जगात आत दुसरा कोणी नाही. रंग पुसला तर खाली गाल निघणार नाही.

लुटुपुटूचंही तेच. भातुकलीतल्या बाईला आईने हाक मारली की ती उठून जेवायला जाते.

काणकोणहून

पूर्वजांना परत जगवायचं म्हणताय तर त्याला म्हाळ म्हणा ना! आपण सगळे कोणाच्या तरी पानावर आलेले पितर. कावळा शिवला की प्रोग्राम बंद.

(गमतीत घ्या. पण बॉस्ट्रॉमचा शब्द खरोखरच 'पूर्वजांचं सिम्युलेशन' असा आहे ना, मास्तर?)

डिचोलीहून

आहे. तुमच्या म्हाळाचा खर्चही त्याने मांडलाय. आजवरच्या सगळ्या माणसांचं सगळं मानसिक जगणं चालवायला जास्तीत जास्त १ वर ३६ शून्यं इतक्या क्रिया लागतील असा त्याचा ढोबळ अंदाज. ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा संगणक सेकंदाला १ वर ४२ शून्यं इतक्या क्रिया करू शकेल असंही तो धरतो. म्हणजे आपला सगळा इतिहास, सगळे म्हाळ धरून, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उरकतो.

फोंड्याहून

मी जरा उशिरा आले. 'आभास' काढलात ते बरं केलंत, पण 'माया'ही कोणी आणू नये म्हणून लिहिते. माया आणि आभास या दोन्हींत एक गोष्ट गृहीत असते : ज्ञान झालं की ते उरत नाही. दोरी दिसली की साप गेला. सिम्युलेशनचं तसं नाही. आपण संगणकात आहोत हे उद्या सिद्ध झालं तरी परवा सकाळी दूधवाला येणारच आणि त्याला पैसे द्यावे लागणारच. चामर्स नावाचे तत्त्वज्ञ नेमकं हेच म्हणतात, की तसं निघालं तरी टेबल खोटं ठरत नाही, टेबल कशाचं बनलंय याविषयीची आपली समजूत बदलते. आणि आपल्याकडेही सगळे मायावादी नव्हते. ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाचं अख्खं खंडन करून जगाला चैतन्याचा विलास म्हटलंय, भ्रम नव्हे. निवृत्त शिक्षक येणार आहेत ना? एक तरी हा मुद्दा काढणार.

माझा शब्द : प्रतिसृष्टी.

विश्वामित्राने त्रिशंकूसाठी केली ती. ती कोणी खोटी म्हणत नाही. रामायणात त्याने दक्षिणेला दुसरे सप्तर्षी आणि नक्षत्रं मांडली, आणि लोककथा तर म्हणते की माणूस घडवायला घेतला तेव्हा डोकं झालं तो नारळ. शेंडी बघा, डोळे बघा. आता सांगा, ज्या सृष्टीतला नारळ आपण रोज किसून हुमणात घालतो, ती आभास कशी? कोणीतरी केलेली आहे, मूळच्यावरून बेतलेली आहे, आणि तरी दाताखाली येते. तुम्हाला हवंय ते सगळं या एका शब्दात आहे.

पेडण्याहून

ताई, सोंग मागे घेतलं.

वास्कोहून

मी नाही घेत. प्रतिसृष्टी एकदा केली की झाली. विश्वामित्र तिथे बसून ती 'चालवत' नाही. सिम्युलेशन क्षणाक्षणाला चालावं लागतं. वीज गेली की संपलं. तो 'चालणं' भाग तुमच्या शब्दात कुठेय? शिवाय पडताळणीचं काय? २०१२ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की अवकाश जर चौकडीच्या कागदासारखं जाळीवर आखलेलं असेल, तर सगळ्यांत जास्त ऊर्जेच्या विश्वकिरणांच्या दिशांत त्या जाळीची खूण दिसायला हवी. खूण शोधायची ती संगणकाच्या आखणीची. ऋषीच्या तपाला चौकड्या नसतात.

फोंड्याहून

मान्य. चालणं क्रियापदात टाका : 'प्रतिसृष्टी चालवणे'. दुकान चालवतो, संसार चालवतो, वाचनालयही चालवतोच. मराठीत 'चालवणे'ला काहीही जड नाही. चौकड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. 'संगणकीय प्रतिसृष्टी' म्हणा, विशेषणाने तेवढं तरी भागेल.

म्हापशाहून

आणि पोरं 'सिम्युलेशन'च म्हणतील.

डिचोलीहून

म्हणू देत, मीही बोलताना पहिल्यांदा तेच म्हणणार आहे. पण फलक बदलून आलो : 'आपण प्रतिसृष्टीत राहतो काय?' वास्कोच्या काकांची हरकत भाषणात त्यांच्या गावाच्या नावासकट सांगेन, कारण ती मला खोडता आलेली नाही. मडगावचा लटका व्यवहारही घेतो. वहिनींनी नवा फलक वाचला, "म्हणजे समई नको," म्हणाल्या, आणि जरा थांबून, "नारळ ठेवायचा का?"

ठेवा म्हटलं.

आता एकच : 'आर्ग्युमेंट'ला युक्तिवाद हे ठरलं, पण 'हायपोथेसिस'ला गृहीतक की अभ्युपगम, हे रविवारच्या आधी कोणी काढू नका.