बाहेरच्या फॉल्टवर डिफरन्शियल रिले का चालला?

प्रश्न: आमच्या एका आउटगोइंग फीडरवर फॉल्ट आला आणि फीडरचा ब्रेकर उघडण्याआधीच ट्रान्सफॉर्मरचा डिफरन्शियल रिले (दोन्ही बाजूंच्या प्रवाहांची तुलना करून आतला फॉल्ट ओळखणारा) ट्रिप झाला. ट्रान्सफॉर्मरच्या सर्व चाचण्या निर्दोष आल्या. रिलेच्या नोंदीत एलव्ही (कमी व्होल्टेजच्या) बाजूच्या बी फेजची लहर पहिल्या चक्रानंतर कापल्यासारखी दिसते. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ५पी२० (रेटेड प्रवाहाच्या २० पटीपर्यंत चूक ५ टक्क्यांच्या आत), रेटेड बर्डन (सेकंडरीला जोडलेला भार) १५ व्हीए, सेकंडरी ५ अँपिअर आहे. फॉल्टचा प्रवाह रेटेड प्रवाहाच्या केवळ ९ पट होता आणि गुणोत्तर चाचणीही बरोबर आली. मग सीटीला दोष कसा द्यायचा? रिलेचा स्लोप (ट्रिपसाठी लागणाऱ्या फरकाचे एकूण प्रवाहाशी प्रमाण) वाढवावा का?

उत्तर १: गुणोत्तर चाचणी अल्प प्रवाहावर होते, त्यामुळे गाभा कधी सॅच्युरेट होईल (आणखी फ्लक्स पेलू शकणार नाही) याविषयी ती काहीच सांगत नाही. २० पटीची हमीसुद्धा रेटेड बर्डनवर आणि डीसी ऑफसेट (फॉल्टच्या सुरुवातीचा एकाच दिशेचा, ओसरत जाणारा घटक) नसलेल्या प्रवाहापुरतीच असते. सीटीपासून रिलेपर्यंत जाण्यायेण्याच्या तारांचा रोध किती आहे?

प्रश्नकर्ता: १.२ ओहम. सीटीच्या वाइंडिंगचा रोध ०.२ ओहम आहे.

उत्तर १: मग मूळ येथेच आहे. ५ अँपिअरला १.२ ओहम म्हणजे ३० व्हीए, अर्थात रेटेडच्या दुप्पट. वाइंडिंगचे ५ व्हीए दोन्हीकडे (रेटेड १५ आणि प्रत्यक्ष ३० मध्ये) मिळवले, तर २० ची मर्यादा २० × २० ÷ ३५, म्हणजे साधारण ११ वर येते. ९ पट प्रवाह त्यात कसाबसा बसतो, पण डीसी ऑफसेटमुळे गाभ्यातील फ्लक्स चक्रागणिक साचत जातो आणि एक्स-आर गुणोत्तर (फॉल्टच्या मार्गातील रिअ‍ॅक्टन्स आणि रोध यांचे) मोठे असेल, तर तो अनेक पटींनी वाढतो. (सेकंडरी १ अँपिअरची असती, तर याच तारांचा बर्डन अवघा १.२ व्हीए झाला असता.)

उत्तर २: वरील हिशेबात अवशिष्ट (प्रवाह थांबल्यावरही गाभ्यात राहणारे) चुंबकत्व धरलेले नाही. फट नसलेल्या गाभ्यात ते सॅच्युरेशन फ्लक्सच्या ८० टक्क्यांपर्यंत राहू शकते, आणि वाइंडिंगचा रोध डीसीने मोजल्यानंतरही मागे उरते. म्हणून त्या चाचणीनंतर गाभा डीमॅग्नेटाइझ करून मगच एक्सायटेशन वक्र (गाभा कधी सॅच्युरेट होतो ते दाखवणारा) घ्यावा. स्लोप वाढवण्याची घाई मात्र करू नये, कारण वाइंडिंगमधील मोजक्या वेढ्यांचा फॉल्ट त्यामुळे नजरेतून सुटण्याचा धोका वाढतो. आधी प्रत्येक तारेला समांतर दुसरी तार द्यावी, म्हणजे बर्डन १५ व्हीएवर येईल. तुमच्या रिलेत बाहेरचा फॉल्ट ओळखण्याची सोय असेल, तर तीही सुरू करावी. सॅच्युरेशनपूर्वीच्या काही मिलिसेकंदांत सीटी खरा प्रवाह दाखवतो आणि त्यावरच ती सोय चालते.